तेरा शब्दांची धार

ओतशाळेत काम करणाऱ्याला घड्याळ बघता येत नाही. समोर वितळलेलं लोखंड असतं, आणि त्यावरची नजर क्षणभर हलली तरी घात होतो. म्हणून प्रत्येक ओतारी आपापल्या रीतीने वेळ मोजतो. कुणी आकडे म्हणतो, कुणी आपल्या लेकरांची नावं एकामागून एक घेतो, कुणी नुसते श्वास मोजतो. आमच्या ओतशाळेतला ओतारी एक जर्मन क्रियापद म्हणायचा.

सावकाश सांगतो. ओतकामाची गोष्ट घाईत सांगितली तर ती साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, मध्येच थिजते.

सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळा सातवीत सुटलेली. अंगाने काटकुळा, भुवया भट्टीने कधीच्याच खाल्लेल्या, आणि सदऱ्याच्या खिशात कायम खडूचा एक तुकडा. साच्यांवर खुणा करायला तो खडू लागायचा. घरी गेल्यावरही खडू खिशातच राहायचा, आणि धुण्याच्या पाण्यात विरघळला की मास्तरांची बायको सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची.

ओतायची वेळ झाली की मास्तर लॅडलच्या हातचाकापाशी उभा राही. लॅडल म्हणजे आतून मातीने लिंपलेली मोठी लोखंडी बादली. ती क्रेनला टांगलेली असते, आणि बाजूचं चाक फिरवलं की हळूहळू कलते. मास्तर चाकाला हात लावायचा आणि खड्या आवाजात सुरू करायचा: इश गीसे, डू गीस्ट, एर गीस्ट, वीर गीसन, ईर गीस्ट, झी गीसन. मी ओततो, तू ओततोस, तो ओततो, आम्ही ओततो, तुम्ही ओतता, ते ओततात. हे सहा चालू काळातले. मग सूर जरा खाली उतरायचा: इश गॉस, डू गॉस्ट, एर गॉस, वीर गॉसन, ईर गॉस्ट, झी गॉसन. मी ओतलं, तू ओतलंस, इथपासून त्यांनी ओतलं, इथपर्यंत. हे सहा भूतकाळातले. आणि शेवटी एकटाच उभा असलेला तेरावा: गेगॉसन. ओतलेलं. ओतून झालेलं. जोडीतले दोन शब्द मास्तरांच्या हिशेबी एकच होते, म्हणून ते तेरा.

हे तेरा शब्द एकट्या मास्तरांसाठी नव्हते. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्याला लॅडलची चोच दिसत नसे. लॅडल जसजशी कलेल तसतशी ती खाली आणायची, हे त्याला शब्दांवरून कळायचं. लांब सळईने लोखंडावरची मळी मागे ओढणारा माणूस, ज्याला एका पायावर भार देऊन उभं राहायच्या सवयीमुळे सगळे बगळा म्हणत, तोही शब्दांवरच चालायचा. सातव्या शब्दाला धार बारीक व्हायची, तेराव्याला तुटायची. दोघांनाही त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी तो कधी विचारलाही नव्हता. आपण चालताना पावलांना अर्थ विचारतो का?

हे क्रियापद मास्तरांकडे आलं तीस वर्षांपूर्वी. भट्टीचा नवा पंखा आणि क्रेन बसवायला एक जर्मन फिटर आला होता. म्हातारा, गुडघ्यांनी अधू, अकरा महिने राहिला. राहायची खोली ऑफिसच्या मागे, आणि खोलीच्या खिडकीत त्याने एका कुंडीत गुलाबाचं रोप लावलेलं. पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोकं पाडून त्याने झारी केली होती. रोज सकाळी रोपाला पाणी घालताना तो बोट दाखवून म्हणायचा, "गीसन." दुपारी लॅडल कलली की तेच बोट, तोच शब्द: "गीसन." आणि एक दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळायला लागलं, तेव्हा दारात उभं राहून वर बोट दाखवत पुन्हा तेच. बावीस वर्षांचा मास्तर चक्रावून गेला. झाडाला पाणी, साच्याला लोखंड आणि जमिनीला पाऊस, सगळ्यांना एकच शब्द लावणारी ही माणसं असतात तरी कशी?

फिटर गेला तेव्हा झारी, रोप आणि ते तेरा शब्द मास्तरांकडे ठेवून गेला. रोप कधीच मेलं, पण त्याच्या फांद्या लावून लावून मास्तरांच्या बायकोने ओट्यावर सात कुंड्या केल्या. झारी अजून होती. शब्दही होते.

मग आवाज गेला.

एकाएकी गेला नाही. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग डॉक्टरांनी घशातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण आवाज परत आला नाही. उरली फक्त कुजबुज, तीही श्वासाइतकी. शेजारी बसलेल्याला ऐकू येईल एवढीच. भट्टीच्या पंख्याच्या घरघरीत तर कागद फाटल्याएवढाही आवाज पोचत नाही.

मास्तर घरी खडूने बोलायला लागला. ओट्यावर, दारावर, जेवणाच्या ताटाच्या पाठीवर.

"घर आहे का फळा?" बायको म्हणायची. "तीस वर्षं भट्टीसमोर ओरडलात, माझ्याशी बोलायला आवाज शिल्लक ठेवला नाहीत. आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार."

मास्तरने ताट उलटं करून लिहिलं: "आधी काय वेगळं होतं?"

बायको हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आता ओतशाळेत ओतायचं कसं? तोडगा काढला क्रेनवाल्याने. हा मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी एक मोठं जाडजूड चाक ओतताना त्याने मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात तेरा शब्द स्वच्छ ऐकू येत होते.

"दाजी, तुमचाच आवाज लाउडस्पीकरवर लावू," तो म्हणाला. "तुम्ही फक्त चाक फिरवा. आहे काय त्यात?"

सगळ्यांना ही युक्ती इतकी आवडली की त्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मास्तरही खूश झाला. सोमवारी पाणीपुरवठ्याच्या पंपाची बॉडी ओतायची होती. साडेचारशे किलो लोखंड, भिंती मात्र बोटाएवढ्या पातळ. खांबाला लाउडस्पीकर बांधला. लॅडल भरली. तेवढ्यात क्रेनचा दोर जरा अडकला, आणि ती साच्यापर्यंत यायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. त्या थोड्या वेळात लोखंडाचा रंग पांढऱ्यावरून पिवळ्यावर उतरला. मास्तरने तो पाहिला. आता घाई करायला हवी, हे त्याला कळलं. आणि खांबावरून त्याचाच आवाज सुरू झाला, गेल्या वर्षीच्या जाड चाकाचा, निवांत, ऐसपैस: इश गीसे…

मास्तरचा हात पुढे पळू पाहत होता. पण क्रेन आवाजाबरोबर चालली होती, बगळा आवाजाबरोबर चालला होता, आणि तीस वर्षांच्या सवयीने खुद्द मास्तरचा हातही आवाजाचंच ऐकत होता. स्वतःचाच आवाज त्याला मागे ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला तेव्हा बॉडीच्या कुशीत एक केसाएवढी रेघ निघाली. दोन बाजूंनी आलेलं लोखंड तिथे एकमेकांना भेटलं होतं, पण मिसळलं नव्हतं. याला थंड सांधा म्हणतात. बाहेरून जोड, आतून परके. अशी बॉडी वितळवण्यापलीकडे कामाची नसते.

सुपरवायझर आला. याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच असायचं आणि सगळे त्याला पाठीमागे घड्याळ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण शब्द तोलून बोलायची त्याला सवय नव्हती.

"मास्तर, राग मानू नका," तो म्हणाला. "दुसरा साचा तयार आहे. गुरुवारी ओतू. मी शेजारी उभा राहून सेकंद ओरडतो. पण तीही बॉडी अशीच निघाली, तर तुम्ही वाळूघरात बसा. हातचाक मी बगळ्याला देतो."

वाळूघर म्हणजे जुनी वाळू चाळून परत वापरायची ठेवतात ती खोली. खिडकी नाही, भट्टी दिसत नाही. ज्यांचे हात थरथरायला लागले, ज्यांचे डोळे गेले, ती माणसं तिथे चाळण हलवत बसतात.

मास्तरने खडू काढला आणि फुटक्या बॉडीवर लिहिलं: "आकडे नकोत."

"मग काय हवं?"

यावर मास्तरपाशी उत्तर नव्हतं. खडू बॉडीवर टेकून तो तसाच उभा राहिला.

उत्तर त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी आलं. दोन बस बदलून, खांद्याला पुस्तकांची पिशवी लावून. मास्तरची मुलगी दुसऱ्या गावी जर्मन शिकवायची. सायकलच्या दुकानाच्या माडीवर तिचा वर्ग भरायचा. जर्मनच का, असं कुणी विचारलं तर ती कामाधंद्याचं काहीबाही सांगायची. खरं कारण एकच होतं. लहानपणी बाप अंघोळ करताना पाण्याचे तांबे मोजायचा ते याच तेरा शब्दांनी. ते काय आहे, हे तिला शोधायचं होतं.

पण त्या शोधात एक काटा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती घरी आली होती आणि क्रेनवाल्या मामासमोर हसत म्हणाली होती, "बाबा, आमच्या बाई हे दहा सेकंदांत म्हणतात. तुम्ही तर अंगाई गाता." मामाही हसला होता. त्या दिवसानंतर मास्तरने तिच्यासमोर ते तेरा शब्द कधी उच्चारले नाहीत. अंघोळीचे तांबेही मुकाट्याने ओतायला लागला.

"गुरुवारी मी म्हणते," तिने आल्या आल्या सांगितलं. "मामाने मला फोनवर सगळं सांगितलंय."

मास्तरने दारावर लिहिलं: "नको."

"का नको?"

मास्तरने खडू खाली ठेवला.

"त्या वेळी मी हसले म्हणून?"

मास्तर खाली बघून खडूची भुकटी चोळत राहिला. आई आतून म्हणाली, "बापलेकीने एकदाचं भांडून घ्या. पण दारावर नको, मला ते परत पुसायला लागतं."

मुलगी उंबऱ्यावर बसली. "बाबा, तेव्हा मला फक्त रूपं येत होती. शब्द कुठून आला, हे ठाऊक नव्हतं. आता सांगू?"

मास्तरने मान हलवली नाही, पण उठूनही गेला नाही. तेवढ्यात मामा कामावरून आला आणि पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकला.

"हजारेक वर्षांपूर्वी तिकडचे लोक याला गिओझन म्हणायचे," ती सांगू लागली. "त्याच्याही मागे गेलं की एक फार जुनं मूळ सापडतं. अर्थ एवढाच, पातळ पदार्थ ओतणे. त्या मुळाच्या फांद्या दोन्हीकडे गेल्या. तिकडे गीसन झाला. इकडे संस्कृतात 'हु' झाला, आगीत तूप ओतणे. आपण आहुती म्हणतो, हवन म्हणतो, ती त्याच घरातली. आणि तुमच्या कारखान्यात लोखंडाच्या विटेला इंगट म्हणतात ना, तोही बहुधा याचाच भाऊबंद."

"म्हणजे नात्यातलाच निघाला की!" मामा म्हणाला. "तीस वर्षं दाजी घरातल्यालाच परका समजून हाका मारत होते."

मास्तरने खडू उचलला. लिहिलं: "आगीत ओतणे." मग त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत बसला.

"आणखी एक," ती म्हणाली. "काही क्रियापदांना भूतकाळ करताना मागे नुसती शेपटी जोडतात, आतलं काही हलत नाही. याचं तसं नाही. याचा आतला स्वरच बदलतो. गीसचं गॉस होतं. अशांना तिकडे बलवान क्रियापद म्हणतात."

मास्तरने 'नको' पुसलं. त्याच्या जागी लिहिलं: "म्हण."

तिने म्हटलं. स्पष्ट, शुद्ध, वर्गात म्हणते तसं. मास्तरने फिटरची ती झारी बादलीत बुडवून काढली, भोकांवर बोटं दाबून धरली, आणि अरुंद तोंडाच्या बरणीवर धरून एकेक भोक मोकळं करू लागला. ती तेराव्या शब्दाला पोचली तेव्हा बरणी अर्धीही भरली नव्हती. पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, तर बरणी दहाव्या शब्दालाच भरून वाहू लागली. तिसऱ्यांदा झारीत पाणी कमी होतं, धार बारीक होती, आणि शब्द परत पुढे पळाले.

"बाबा, नक्की किती सावकाश? एका शब्दाला दोन सेकंद? अडीच?"

"ठरलेलं नसतं," मास्तरने लिहिलं.

"मग मला कळणार कसं? मी काय लोखंडाचा रंग ओळखते?" तिचा आवाज चढला. "तुमचा घड्याळसाहेब आकडे ओरडेल, त्याला निदान आकडे तरी येतात. मला तर काहीच येत नाही!"

ओट्यावर पाण्याचं तळं झालं होतं. आई कुंड्या उचलून भिंतीकडे सरकवत होती. मास्तर उठला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि हात मागे नेऊन त्याने तिचा पंजा आपल्या पाठीवर ठेवला. दोन खांद्यांच्या मधोमध.

मामा भिंतीपासून सरळ झाला. "फिटरने दाजींना असंच शिकवलं होतं," तो हळूच म्हणाला. "मी तेव्हा वाळू वाहायचो. मला वाटायचं, हा म्हाताऱ्याच्या पाठीला हात लावून काय करतो?"

मास्तर कुजबुजला. तोंडातून आवाज आला नाही, पण पाठ हलली. एकेका शब्दाला बरगड्या आत जात होत्या, मध्ये थांबत होत्या, पुन्हा भरत होत्या. पंज्याखाली ते जितकं स्पष्ट लागत होतं तितकं कानाला कधीच लागलं नसतं. ती त्या श्वासावर एकेक शब्द ठेवत गेली. बरणी काठापर्यंत भरली, आणि एक थेंबही बाहेर आला नाही.

बुधवारी ते दिवसभर झारी आणि बरणी घेऊन बसले. सातही कुंड्यांत चिखल झाला. "गुलाब बुडवून मारणार आहात का?" आई दर तासाला विचारायची. पण बादली तीच भरून आणायची.

गुरुवारी सकाळी दहाला भट्टीचं तोंड फोडायचं होतं. मुलीने कातडी अंगरखा चढवला, निळ्या काचांचा चष्मा लावला, केस टोपीत कोंबले. घड्याळ आडवा आला.

"बाहेरच्या माणसांना भट्टीजवळ परवानगी नाही."

"ती बाहेरची नाही साहेब," केबिनच्या शिडीवरून मामा ओरडला. "लाउडस्पीकरच्या जागी आलीय. लाउडस्पीकरला तुम्ही परवानगी विचारली होती का?"

बगळा फिसकन हसला. घड्याळ मात्र हसला नाही. त्याने मास्तरकडे पाहिलं.

"मास्तर, हे तुमच्या जबाबदारीवर. कमीजास्त झालं तर वाळूघर, आणि मग कुरकूर ऐकून घेणार नाही."

मास्तरने मान हलवली. खडू खिशातून काढून त्याने शेजारच्या खांबाच्या बुडाशी ठेवला. आता हात मोकळे हवे होते.

भट्टीचं तोंड फुटलं. लोखंड उसळत लॅडलमध्ये आलं, ठिणग्या छपरापर्यंत गेल्या. पंख्याच्या घरघरीत बाकी सगळे आवाज बुडाले. क्रेन हलली. या वेळी दोर अडकला नाही, आणि हीच नवी अडचण झाली. लॅडल साच्यावर लवकर पोचली. लोखंड पांढरंशुभ्र होतं, हवं त्यापेक्षा गरम. एवढं गरम लोखंड वेगाने गेलं तर साच्याची वाळू खरवडून काढतं. मास्तर थांबला. हात चाकावर, नजर रंगावर. मुलीचा पंजा त्याच्या पाठीवर होता. पाठ दगडासारखी स्थिर.

"ओता!" घड्याळ ओरडला.

पाठ हलली नाही. तिच्या मनात पहिला शब्द कधीचा तयार होता, ओठांवर येऊन ठेपला होता. तिने तो दातांमागे धरून ठेवला.

मग बरगड्या आत गेल्या.

"इश गीसे!" ती ओरडली.

चाक फिरलं. चोचीतून धार सुटली आणि साच्याच्या तोंडात शिरली. क्रेन वीतभर खाली आली. "डू गीस्ट! एर गीस्ट!" साच्याच्या बाजूंनी वायूच्या निळ्या ज्वाळा निघाल्या. ते चांगलं लक्षण असतं, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पेटला साचा. तिचे पाय मागे जाऊ पाहत होते. हात पाठीवर होता म्हणून ती जागेवर राहिली. "वीर गीसन! ईर गीस्ट! झी गीसन!"

सातव्याला धार बारीक झाली. "इश गॉस! डू गॉस्ट! एर गॉस!"

आणि पाठ थांबली.

दहावा शब्द आलाच नाही. शिकवून शिकवून तिच्या जिभेला इतकी सवय झाली होती की एर गॉसच्या मागून वीर गॉसन आपोआप येतं, जसं पायरीनंतर पायरी येते. तिने जीभ चावली. क्रेन थांबली. वरून मामाने खाली वाकून बघायचा प्रयत्न केला.

"काय झालं? थांबवू नका!" घड्याळ पुढे धावला. "ओतता ओतता थांबलं की संपलं! पोरी, पुढे म्हण!"

ती गप्प राहिली.

"पुढे म्हण म्हणतोय ना!"

घाम तिच्या चष्म्यात उतरला होता, समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त पंज्याखाली एक भरलेली, धरून ठेवलेली छाती होती. मास्तरने धार तोडली नव्हती. दोऱ्याएवढी करून जिवंत ठेवली होती. लॅडलच्या चोचीशी मळीची मोठी खपली येऊन अडकली होती. धार मोठी झाली असती तर खपली साच्यात गेली असती. बगळ्याने ती पाहिली. शब्द थांबला म्हणजे काही कारण असणार, हे त्याला तीस वर्षांत न शिकवता कळलं होतं. त्याने सळई घातली. खपली निसटली. पुन्हा घातली, मागे ओढली, आणि खपली निघाली.

बरगड्या आत गेल्या.

"वीर गॉसन!" तिचा आवाज फाटला, पण पोचला. क्रेन हलली. "ईर गॉस्ट!" साच्याच्या वरच्या भोकांत लाल ठिपका दिसू लागला. "झी गॉसन!" ठिपका वर चढला, गोल झाला, काठाशी आला. पाठ एकदा खोल भरली.

"गेगॉसन!"

चाक उलटं फिरलं. धार तुटली.

घड्याळने गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि पाहिलं. ते सुरू करायलाच तो विसरला होता.

पण ओतून झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. लोखंड निवेपर्यंत साचा उघडत नाहीत, आणि आत काय झालंय ते बाहेरून कुणाला दिसत नाही. त्या दिवशी घरी स्वयंपाक झाला, पण कुणी जेवल्यासारखं जेवलं नाही. मास्तर ओट्यावर बसून वाळूघराच्या दिशेला बघत होता. तिथून ते दिसत नव्हतं, तरी बघत होता.

"मी थांबले ते बरोबर होतं ना?" मुलीने विचारलं.

मास्तरने तिचा हात घेतला आणि तिच्या तळव्यावरच खडूने लिहिलं: "थांबलो मी. तू माझ्या पुढे बोलली नाहीस, तेच बरोबर."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी साचा फोडला. वाळू झटकली. आतली पोकळी राहावी म्हणून बसवलेल्या गाभ्याची काळी माती सळईने खरवडून काढली. पंपाची बॉडी जमिनीवर उभी राहिली, अजून कोमट. घड्याळ गुडघ्यांवर बसला आणि जिथे आधी रेघ निघाली होती त्या जागी बॅटरी धरून कितीतरी वेळ बघत राहिला. मग उठून त्याने हातोडा मागितला. तडा गेलेलं लोखंड ठोकलं की मडक्यासारखं बद्द वाजतं. सगळे कामगार जेवणाचे डबे हातात धरून थांबले. मुलीने डोळे मिटून घेतले. मास्तरने मिटले नाहीत.

हातोडा पडला.

आवाज लांबवर गेला, छपराला लागून परत आला, आणि बराच वेळ हवेत राहिला.

"चाक तुमच्याकडेच राहू दे," घड्याळ म्हणाला. हातोडा बगळ्याच्या हातात देऊन तो ऑफिसकडे निघाला, आणि चार पावलांवर थांबला. "पण ही पोरगी रोज येणार आहे का? तिचे वर्ग असतील."

तिचे वर्ग होतेच. क्रेन सोडून मामा खाली येऊ शकत नव्हता, आणि बगळ्याचे दोन्ही हात सळईला गुंतलेले. मोकळे हात असलेला माणूस एकच होता.

म्हणून रविवारी दुपारी मास्तरच्या ओट्यावर सुपरवायझर बसला होता. स्टॉपवॉच खुंटीला, पंजा मास्तरच्या पाठीवर, पुढ्यात झारी आणि बरणी. मुलगी समोर.

"डू गॉस्ट," ती म्हणाली.

"डू घोस्ट."

"घोस्ट नाही साहेब. गॉस्ट."

"तेच म्हणालो मी."

हसू दाबताना मास्तरची पाठ गदगदून हलायला लागली, आणि घड्याळने प्रामाणिकपणे त्या प्रत्येक हेलकाव्याला एकेक शब्द म्हटला. पाणी ओट्यावर, ओट्यावरून पायरीवर.

"आता सगळेच बुडवा माझे गुलाब," आई म्हणाली, आणि बादली भरायला आत गेली.